सातवा दट्ट्या

नाव माझं दगा, पण लाकडाशी दगा नाही,
हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो.
गाडीचे आरे, पाळणे, मिरचीच्या वखारींचे दरवाजे,
चाळीस वर्षं दोंडाईच्यात रंधा मारतोय.

गिरासेबाई आल्या त्या कागद घेऊनच.
एक ठोकळा, त्यात दहा भोकं,
दहा भोकांचे दहा दट्टे, प्रत्येकाला इवलीशी मूठ,
प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर बारीक.
मी म्हटलं, बाई, सुतात सांगा,
आणि खेळण्याला एवढी मापं कशाला?
खेळणं नाही हो, काम आहे.
कोणाचं?
तीन वर्षांच्या माणसाचं.

तीन वर्षांचं माणूस!
दुपारभर तेच आठवून हसत होतो.
पोळ्याच्या घाईत सातवं भोक केसभर ढिलं गेलं.
माझ्या बोटाला कळलं.
पण सागाचा एवढा तुकडा पुन्हा आणायचा कुठून,
वरून पॉलिश मारलं. म्हटलं, कोण बघतंय.

बालवाडी मार्केट यार्डाच्या मागे, पत्र्याखाली.
वारा फिरला की मिरचीचा खकाणा आत येतो
आणि सगळी पोरं ओळीनं शिंकतात.
पैसे मागायला गेलो तर बाई म्हणाल्या, बसा.
हात मांडीवर. शब्द नको.

एक पोरगा या लोट्यातून त्या लोट्यात पाणी ओतत होता.
सांडलं. मी वाट पाहिली, आता कोणीतरी ओरडेल.
कोणी नाही. त्यानंच फडकं आणलं,
पुसलं, पिळलं, पुन्हा ओतायला बसला.
दारातून त्याची आई म्हणाली,
“पानी वताले धाडं का मी पोरले?”
बाई म्हणाल्या, आत या, तुम्हीपण बसा.
ती नाही आली. तिच्या देठांचा ढीग पडला होता.

मग मोगी. मोगी मालचे.
हिची आई दिवसभर मिरचीचे देठ खुडते.
राखेनं धुवा, ताकानं धुवा, बोटांची आग जात नाही,
म्हणून संध्याकाळी फाटकापाशी
ती पोरीचा गाल कोपरानं कुरवाळते. पाहिलंय मी.

मोगीनं डोळे मिटले.
बैलाच्या मानेत गोचीड चाचपावी
तसं प्रत्येक भोकाच्या काठावरून बोट फिरवलं,
मग दट्ट्याच्या कडेवरून.
एक बसला. तीन बसला. दहावा टुपकन बसला.
सातवा
आत जाऊन डुगडुगला.

काढला. फिरवला. डुगडुगला.
आठव्याच्या घरात घालून पाहिला, परत आणला.
माझा हात मांडीवरून उठला होता,
बाईंनी नुसतं पाहिलं, तो खाली गेला.
मी मोजत होतो. अकरा वेळा.
तिच्या ओठांवर घाम, पण रडं नाही,
कोणाकडे बघणंसुद्धा नाही.

मग उठली. खोलीत रिकामा बसलेला
मी एकटाच. माझ्या तळहातावर दट्ट्या ठेवला.
“हाऊ आठे बठस नही.”
राग नाही, गाऱ्हाणं नाही,
माठात पाणी नाही म्हणावं तसं.

गुजरातचे व्यापारी, सूतगिरणीचा इंजिनिअर,
चाळीस वर्षांत एकालाही सापडला नाही
माझ्या हातचा खोट.
रात्री दिवा लावून नवा ठोकळा काढला.
पैशांचं बाईंनी विचारलं. मी विषय बदलला.

बाप मला गुण्यानं बोटांच्या सांध्यावर मारायचा.
डाव्या करंगळीचं हाड अजून वाकडं आहे.
मीही मारलंय, खोटं कशाला सांगू,
हाताखालच्या दोघातिघांना.

आज सुपडू फळी कापतोय.
करवत रेघ सोडून चाललीय, मला इथून दिसतंय,
अजून बोटभर गेली की फळी वाया.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलोय.
जिभेवर शिवी तयार आहे.

करवत थांबली.
सुपडूनं वाकून फुंकर मारली, भुसा उडाला,
आणि तो रेघेकडे बघत राहिला.